प्रश्न वाचकांचे : आधुनिक ग्रीक तैलचित्रांतील नग्नाभ्यास

आधुनिक ग्रीक चित्रकलेवरील आमच्या लेखात निर्वस्त्र मानवाकृतीच्या अभ्यासाचा विषय दोन-तीन वाक्यांत उरकला होता, आणि वाचकांनी नेमके तेच पकडले. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. काही प्रश्न थोडक्यात आटोपले. काहींनी मात्र जुनी टिपणे पुन्हा उघडायला लावली.

प्राचीन ग्रीकांनी निर्वस्त्र देहाला देवाचे रूप दिले. मग त्याच देशातील चित्रकारांना एकोणिसाव्या शतकात हा अभ्यास करण्यासाठी जर्मनीतील म्युनिक गाठावे लागले, हे कसे?
— एक निवृत्त इतिहास-शिक्षक

यात विरोधाभास दिसतो, कारण ‘ग्रीस’ हा एकच शब्द आपण फार दूरच्या दोन काळांसाठी वापरतो. शिल्पकार प्राक्सितेलीसने निडोसची आफ्रोदिती, म्हणजे प्रेमदेवतेची निर्वस्त्र मूर्ती, घडवली ती ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात. तेव्हापासून आधुनिक ग्रीक राज्याच्या स्थापनेपर्यंत बावीसशे वर्षे लोटली, आणि त्यांतील बराच मोठा काळ ख्रिस्ती, बायझंटाइन (म्हणजे पूर्व रोमन) व त्यानंतर ऑटोमन तुर्कांच्या सत्तेचा होता. या काळात चित्रकाराचे मुख्य काम म्हणजे चर्चच्या भिंती रंगवणे आणि आयकॉन, म्हणजे लाकडी फळीवरच्या पूजेच्या प्रतिमा, तयार करणे. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले असत आणि आकृती समोर बसलेल्या माणसावरून घेतली जात नसे. ती आधीच्या चित्रावरून, गुरूच्या नमुन्यावरून उतरे. तैलरंग आले ते व्हेनिसच्या ताब्यातील आयोनियन बेटांच्या वाटेने. तेथील पानायोतिस दोक्सारास (१६६२–१७२९) या चित्रकाराला ग्रीक भूमीवर पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला रुजवण्याचे श्रेय दिले जाते. मुख्य भूमीवर मात्र तशी परंपरा जवळजवळ नव्हतीच.

१८३० मध्ये ग्रीस स्वतंत्र राज्य म्हणून मान्य झाले आणि युरोपीय सत्तांनी त्याच्या गादीवर बव्हेरियाचा राजपुत्र ऑटो याला बसवले. १८३४ मध्ये अथेन्स राजधानी झाली आणि १८३६ च्या अखेरीस निघालेल्या राजाज्ञेने तेथे कलाशाळा उघडली. आरंभी ही शाळा रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी भरे, कारण नव्या राजधानीला आधी बांधकामाचे कारागीर हवे होते, चित्रकार नंतर. राजा बव्हेरियाचा असल्यामुळे शिष्यवृत्त्यांची वाट साहजिकच म्युनिककडे वळली. थेओदोरोस व्रिझाकिस गेला, मग निकिफोरोस लित्रास, निकोलाओस गिझिस, कॉन्स्तान्तिनोस वोलानाकिस, यॉर्गोस याकोविदिस. या मंडळींना आजही ‘म्युनिक स्कूल’ म्हणून ओळखतात. त्या अकादमीत आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून आणि नंतर जिवंत मॉडेलवरून रेखाटन करणे हा अभ्यासक्रमाचा कणा होता. ते टाळून पुढच्या वर्गात जाता येत नसे.

लित्रास १८६० मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर गेला. १८६२ मध्ये ऑटो पदच्युत झाला, शिष्यवृत्ती थांबली, आणि व्हिएन्नातील धनाढ्य ग्रीक बॅरन सिमोन सिनास याने त्याच्या खर्चाचा भार उचलला. गिझिसची कथा तर आम्हाला विशेष गमतीची वाटते. तो तिनोस या बेटावरचा, आणि १८६५ मध्ये त्याला म्युनिकला पाठवणारी शिष्यवृत्ती होती तिनोसच्याच एव्हांगेलिस्त्रिया तीर्थस्थानाच्या निधीची. मेरीमातेच्या दर्शनाला आलेल्या भाविकांनी जे वाहिले, त्यातून एका तरुणाला निर्वस्त्र मॉडेलसमोर बसून अभ्यास करता आला. पुढे हाच गिझिस म्युनिकच्या अकादमीत प्राध्यापक झाला आणि आयुष्याची अखेरही त्याने तेथेच केली.

आता प्रश्नाचा गाभा. अथेन्सला प्राचीन पुतळे होतेच, मग मॉडेल कशाला? संगमरवरी पुतळ्यावरून प्रमाण कळते, तोल कळतो. पण कातडीखालचे रक्त, थकलेल्या खांद्याचा उतार, बसल्यावर पोटाला पडणारी घडी हे दगडात सापडत नाही. शिवाय त्या पिढीला नग्न देह उघडपणे रंगवायला एखादे निमित्त लागे, आणि ते निमित्त प्राचीन कथाच पुरवत. लित्रासने १८६५ मध्ये ‘मृत पोलिनायकिससमोर अँटिगनी’ हे तैलचित्र काढले. आता ते अथेन्सच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. त्यात अँटिगनीच्या भावाचे जमिनीवर पसरलेले प्रेत पाहावे. कथा प्राचीन नाटककार सोफोक्लिसची आहे, पण ते अंग म्युनिकच्या वर्गात घोटलेले आहे. घरची गोष्ट सांगायला परक्या घरी शिकावे लागले, एवढाच त्याचा अर्थ.

‘नग्नचित्र’ आणि ‘नग्नाभ्यास’ यांत फरक आहे, की हा नुसता शब्दांचा खेळ आहे?
— एक वाचक

फरक आहे, आणि तो हेतूचा आहे. अभ्यास हा चित्रकाराने स्वतःला घातलेला प्रश्न असतो. पाठीचा कणा वळला की दोन्ही नितंब कसे सरकतात, गुडघ्याच्या आत प्रकाश कोठे मावळतो, अशा एखाद्या शंकेसाठी तो केलेला असतो, आणि शंका फिटली की चेहरा किंवा हात तसाच अर्धवट सोडून चित्रकार उठतो. नग्नचित्र मात्र पाहणाऱ्यासाठी पूर्ण केलेले असते. ग्रीक भाषेत या प्रकाराला ‘यिम्नो’ आणि अभ्यासाला ‘स्पुदी यिम्नू’ म्हणतात. व्यायामशाळेसाठी जगभर चालणारा ‘जिम्नेशियम’ हा शब्द त्याच मुळाचा, कारण प्राचीन ग्रीक तरुण तेथे निर्वस्त्र होऊन व्यायाम करत. आणि आजच्या ग्रीसमध्ये ‘यिम्नासिओ’ म्हणजे चक्क माध्यमिक शाळा. विसाव्या शतकात मात्र अभ्यास आणि चित्र यांमधली रेघ पुसट होत गेली, कारण अपुरेपणा हाच अनेकांना अधिक खरा वाटू लागला.

मी तैलरंगात मानवाकृतीचा अभ्यास करते. माझे त्वचेचे रंग नेहमी गढूळ होतात. ग्रीक चित्रकारांकडून या बाबतीत काही घेण्यासारखे आहे का?
— एक कलाविद्यार्थिनी

आहे, आणि पुष्कळ आहे. कारण ग्रीक चित्रकारासमोर अंग रंगवण्याच्या एकमेकींच्या विरुद्ध अशा दोन रीती होत्या आणि त्यांच्यात निवड करता करता त्यांची एक पिढी खर्ची पडली.

पहिली रीत म्युनिकची. कॅनव्हासवर आधी तपकिरी रंगाचा पातळ थर, आकृती त्या तपकिरी अंधारातून हळूहळू वर येणारी, छाया पातळ आणि पारदर्शक, उजेड जाड आणि अपारदर्शक. जवसाचे तेल सावकाश वाळते, म्हणून दोन रंगांच्या कडा ओल्या असतानाच एकमेकींत विरघळवता येतात. गालाची किंवा कुशीची गोलाई त्यातूनच साधते. या रीतीचा दोष असा की सावली म्हटली की हात आपोआप तपकिरीकडे जातो. आपले रंग गढूळ होत असतील तर पहिला संशय येथे घ्यावा: बहुधा आपण उजेडातल्या रंगातच काळा किंवा तपकिरी मिसळून त्याची सावली करत असाल.

दुसरी रीत आयकॉनची. तेथे उलटा प्रवास असतो. आधी संपूर्ण अंगावर गडद, हिरवट मातकट रंगाचा थर दिला जातो. त्याला ‘प्रोप्लाझ्मोस’ म्हणतात. त्यावर पिवळ्या मातीचा, मांसाच्या रंगाचा थर येतो, तो ‘सार्कोमा’. आणि शेवटी पांढऱ्याच्या बारीक रेघा. खालचा हिरवा रंग सावलीच्या जागी तसाच उघडा राहतो. सावली ‘रंगवली’ जात नाही. ती राहू दिली जाते. बाहेरून कोणत्याही एका दिशेने प्रकाश येत नसल्यामुळे जमिनीवर पडछाया नसते आणि अंग आतून उजळल्यासारखे दिसते.

या दोहोंच्या मध्ये उभा होता प्रत्यक्ष ग्रीक उजेड. म्युनिकच्या उत्तरेकडील खिडकीतून येणारा थंड, स्थिर प्रकाश आणि अथेन्सभोवतालच्या अॅटिका प्रदेशातले दुपारचे ऊन यांचा एकमेकांशी संबंध नाही. भर उन्हात पांढऱ्या भिंतीशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या सावलीतल्या अंगावर जमिनीचा आणि भिंतीचा परावर्तित उजेड पडतो. ती सावली काळवंडत नाही, ती रंगीत होते. १९१७ मध्ये अथेन्समध्ये ‘तेख्नी’, म्हणजे ‘कला’, या नावाचा गट स्थापन झाला. कॉन्स्तान्तिनोस पार्थेनिस, कॉन्स्तान्तिनोस मालेआस, निकिफोरोसचा मुलगा निकोस लित्रास असे चित्रकार त्यात होते, आणि म्युनिकच्या तपकिरीला फाटा देणे हा त्यांच्यातला समान धागा होता. धाकट्या लित्रासने रंग इतका जाड आणि सरळ लावला की बापाच्या पिढीची गुळगुळीत कातडी त्यात शोधूनही सापडत नाही.

आता सरावासाठी एक जुनी युक्ती. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी सांगतो की आपेलीससारखे प्राचीन ग्रीक चित्रकार चारच रंगांत काम करत: मिलोस बेटाची पांढरी माती, अॅटिकाची पिवळी, काळ्या समुद्राकाठच्या सिनोपची तांबडी, आणि काळा. आपल्या पॅलेटवर सफेदा, पिवडी, गेरू आणि काजळीचा काळा एवढेच ठेवून एक अभ्यास करून पाहावा. निळा आणि हिरवा नाही म्हणून अडेल असे वाटते, पण अडत नाही. काळा आणि पांढरा मिसळून झालेला करडा रंग गेरूच्या शेजारी ठेवला की डोळ्याला तो निळसर दिसतो, आणि काळ्यात पिवडी घातली की चांगला ऑलिव्ह हिरवा मिळतो. त्वचेत दिसणारा निळा बहुतेक वेळा असा शेजारामुळे निर्माण झालेला असतो. काळा येथे सावली करण्यासाठी नाही. तो तुमचा थंड रंग आहे, एवढे पथ्य पाळले तर गढूळपणा निम्मा कमी होईल.

स्त्री चित्रकारांना मॉडेलसमोर बसण्याची परवानगी होती का?
— एक वाचक

बराच काळ नव्हती, आणि या ‘नाही’मुळे त्यांचे फार मोठे नुकसान झाले, कारण ज्याला नग्नाभ्यास येत नाही त्याला ऐतिहासिक वा पौराणिक प्रसंग रंगवता येत नाहीत, आणि मोठे नाव, मोठे काम त्याच प्रसंगांत होते. उरत ती फुले, फळे, मुलांची व्यक्तिचित्रे. मग टीकाकार म्हणायला मोकळे की बायकांना फुलेच काढता येतात.

स्पेत्सेस बेटावर १८२१ मध्ये जन्मलेली एलेनी बुकुरा-अल्तामुरा इटलीत शिकायला गेली आणि तेथील वर्गांत प्रवेश मिळावा म्हणून पुरुषी वेषात वावरली, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. मुलांच्या अकाली मृत्यूनंतर तिने आपली चित्रे स्वतःच जाळली, अशीही कथा आहे. तिचा मुलगा इओआन्निस अल्तामुरास उत्तम समुद्रचित्रकार होता. तो १८७८ मध्ये ऐन तारुण्यात गेला. थालिया फ्लोरा-काराविया हिला (१८७१–१९६०) अथेन्सच्या कलाशाळेने प्रवेश नाकारला, म्हणून १८९५ मध्ये ती म्युनिकला गेली. तेथेही अकादमीची दारे स्त्रियांना १९२० पर्यंत बंदच होती. त्यामुळे तिला खाजगी वर्गांत शिकावे लागले. सोफिया लास्कारिदू हिने मात्र थेट राजाकडे दाद मागितली आणि १९०३ मध्ये अथेन्सच्या कलाशाळेत प्रवेश मिळवला. तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात: लास्कारिदू अथेन्सच्या शाळेत शिरली, तेव्हा म्युनिकची अकादमी स्त्रियांसाठी उघडायला अजून सतरा वर्षे होती. मागासलेले कोण आणि पुढारलेले कोण याविषयीची आपली ठरलेली मते येथे जरा अडखळतात.

ऑर्थोडॉक्स चर्चचा एवढा पगडा असलेल्या समाजात अशा चित्रांवरून वाद झाले असतीलच. त्याविषयी सांगावे.
— एक वाचक

झाले, पण ज्याने आक्षेप घ्यावा असे आपल्याला वाटते त्याने तो घेतला नाही, हे यातले विशेष.

आधी चर्चविषयी. उघडे अंग आयकॉनला पूर्णपणे वर्ज्य होते, असे समजू नये. जॉर्डन नदीत बाप्तिस्मा घेणारा ख्रिस्त, आदम आणि इव्ह, लांब दाढीनेच अंग झाकलेला संत ओनुफ्रिओस, हाडे दिसेपर्यंत वाळलेली इजिप्तची संत मेरी हे सगळे ऑर्थोडॉक्स चित्रपरंपरेत आहेत. अट एकच असे: तपाने देह इतका आटलेला असावा की पाहणाऱ्याची नजर त्यावर रेंगाळू नये. त्वचा चालत होती, त्वचेचे आमंत्रण चालत नव्हते.

या पार्श्वभूमीवर चित्रकार फोतिस कोन्दोग्लू आणि त्याचे शिष्य यांच्याकडे पाहावे लागते. कोन्दोग्लू (१८९५–१९६५) आशिया मायनरमधील आयवालीचा. १९२२ च्या उत्पातात, म्हणजे ग्रीस तुर्कांशी युद्ध हरल्यावर तेथील ग्रीकांची वाताहत झाली तेव्हा, निर्वासित होऊन ग्रीसमध्ये आला, आणि पश्चिमेची नक्कल सोडून बायझंटाइन रीतीकडे परतावे हा त्याचा आग्रह होता. १९३२ मध्ये त्याने अथेन्समधील स्वतःच्या घराच्या भिंती चित्रांनी भरल्या, तेव्हा मदतीला दोन तरुण होते: यान्निस त्सारूखिस आणि निकोस एंगोनोपुलोस. ती भित्तिचित्रे आता राष्ट्रीय कलादालनात आहेत. गुरूने त्यांना संतांचे देह कसे रंगवावेत ते शिकवले. शिष्यांनी ती विद्या भलतीकडेच नेली.

त्सारूखिस (१९१०–१९८९) पिरेअस बंदराचा. कोन्दोग्लूकडे तो सुमारे चार वर्षे शिकला, मग तेथून बाहेर पडला, पॅरिस पाहिले, ग्रीक छायानाट्याच्या रंगीत जाहिरातींवर भाळला. ठळक बाह्यरेषा, सपाट रंग आणि समोरून दिसणारी आकृती हे सगळे त्याने ठेवले; संत मात्र बदलले. त्यांच्या जागी आले कॉफीगृहातले खलाशी, सैनिक, कामगार, आणि पुष्कळदा निर्वस्त्र तरुण पुरुष. प्राचीन ग्रीसमध्ये पुरुषदेह हाच सौंदर्याचा मानदंड होता. पुरुषांचे ‘कूरोस’ पुतळे उघडे आणि स्त्रियांचे ‘कोरे’ पुतळे वस्त्रांत, ही जुनी वाटणी प्रसिद्ध आहे. त्सारूखिस त्या अर्थाने परंपरेशी अधिक इमानी होता. पण त्याने तो देह अपोलो म्हणून रंगवला नाही. लोखंडी खाटेवर बसलेला, गणवेश नुकताच उतरवलेला, आपल्या काळाचा माणूस म्हणून रंगवला, आणि त्या माणसाकडे पाहणाऱ्या पुरुषाची ओढ लपवली नाही.

१९५२ मध्ये अथेन्सच्या झाप्पिओन भवनात ‘आर्मोस’ या चित्रकारांच्या गटाचे प्रदर्शन भरले. त्यात त्सारूखिसचे १९४८ चे एक तैलचित्र होते: बसलेला खलाशी आणि शेजारी पहुडलेला निर्वस्त्र पुरुष. आक्षेप नौदलाकडून आला आणि चित्र भिंतीवरून उतरवावे लागले. नीट पाहिले तर आक्षेपाला कारण झाला तो निर्वस्त्र देह एकटा नव्हे; त्याच्या शेजारचा गणवेश. दोन्ही माणसे निर्वस्त्र असती आणि चित्राला एखाद्या पुराणपुरुषाचे नाव दिले असते तर ते बहुधा सुखाने भिंतीवर राहिले असते, असे आमचे मत आहे. १९६७ मध्ये लष्करशहांनी सत्ता घेतल्यावर त्सारूखिस पॅरिसला गेला. अथेन्सच्या मारूसी उपनगरातील त्याचे घर आज त्याच्याच नावाच्या प्रतिष्ठानाचे संग्रहालय आहे.

आणखी एक नोंद येथेच करतो. स्पिरोस पापालुकास (१८९२–१९५७) पॅरिसमध्ये जिवंत मॉडेलवरून शिकला आणि १९२३ मध्ये ऑर्थोडॉक्स भिक्षूंच्या आथोस पर्वतावर गेला, जेथे स्त्रीला पाऊलही ठेवता येत नाही. तेथील मठ आणि डोंगर रंगवत त्याने सुमारे वर्ष काढले. त्या निसर्गचित्रांतील डोंगरांचे उतार पाहताना हा माणूस मानवी पाठी रंगवायला शिकला होता, हे जाणवते. कदाचित हा आमच्या नजरेचा दोषही असेल.

एंगोनोपुलोसच्या आकृत्यांना चेहरे का नसतात?
— एक वाचक

एंगोनोपुलोस (१९०७–१९८५) अतिवास्तववादी कवी आणि चित्रकार होता. त्याच्या निर्वस्त्र आकृत्या दुकानातील पुतळ्यांसारख्या गुळगुळीत मस्तकाच्या असतात, कारण त्याला व्यक्ती नको असे, पात्र हवे असे. आज जो हर्मिस हा प्राचीन देव आहे तो उद्या १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धातला वीर होऊ शकतो. अंगाचे रंगकाम मात्र कोन्दोग्लूच्या शाळेतले आहे: खालून वर, गडदातून उजळाकडे. येथे अभ्यासाचा शोध घेऊ नये. मॉडेल त्याच्या चित्रात जवळजवळ नसतेच.

मोरालिसची नग्नचित्रे मला कमालीची शांत, थोडी उदासही वाटतात. त्यांत कामुकता जाणवत नाही, तरीही ती कोरडी नाहीत. हे कशामुळे?
— एक चित्रकार

आपल्या निरीक्षणाला नाव द्यायचे तर ते ‘समाधिशिला’ असे देता येईल. यान्निस मोरालिस (१९१६–२००९) पंधरा वर्षांचा असताना अथेन्सच्या कलाशाळेत दाखल झाला, शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेला, महायुद्ध सुरू झाल्यावर परतला, आणि १९४७ पासून १९८३ पर्यंत त्याच कलाशाळेत शिकवत राहिला. छत्तीस वर्षे रोज विद्यार्थ्यांसमोर मॉडेल बसवणारा माणूस देहाविषयी भाबडा राहत नाही.

अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ख्रिस्तपूर्व पाचव्या-चौथ्या शतकांतील समाधिशिला आहेत. त्यांवर मृत व्यक्ती सहसा बसलेली, तिचा निरोप घेणारी व्यक्ती उभी, दोघांचे हात हातांत, आणि चेहऱ्यावर रडण्याचा मागमूस नाही. कोण गेले आणि कोण राहिले हे कधी कधी ओळखूही येत नाही. मोरालिसने १९५० च्या दशकापासून ‘एपितिम्विया’, म्हणजे समाधिचित्रे, या नावाची मालिका केली, आणि तिच्यात हीच रचना ठेवली: बसलेली एक, उभी एक, बऱ्याचदा दोन्ही स्त्रिया, बऱ्याचदा निर्वस्त्र. प्राचीन शिल्पातली वस्त्रे त्याने उतरवली, त्यामुळे निरोप अधिकच उघडा पडला. आपल्याला जाणवलेली उदासी येथून येते.

आणि कोरडेपणा का नाही, तर रंगामुळे. पांढरा, काळा, गेरू, पिवळी माती: वर सांगितलेली जुनी चौकडी मोरालिसने जवळजवळ जन्मभर सांभाळली, आणि नंतर तिच्यात निळ्याची भर घातली. त्या मातीच्या रंगांमुळे त्याच्या स्त्रियांची अंगे भाजलेल्या मडक्यासारखी ऊबदार दिसतात. फायूमची मृतव्यक्तिचित्रे, म्हणजे रोमन काळात इजिप्तमध्ये ममीवर बसवण्यासाठी काढलेले चेहरे, त्याच्या पिढीने पुन्हा पुन्हा पाहिले होते. त्सारूखिसलाही त्यांचे वेड होते. मोठे, थेट पाहणारे डोळे तेथून आले आहेत. शरीर उघडे असताना पाहणाऱ्याकडे असे थेट पाहणारा चेहरा समोर आला की आपणच थोडे ओशाळतो.

पुढे ‘एपिथालामिया’ (विवाहगीते) आणि ‘एरोटिका’ (प्रणयचित्रे) या मालिकांत आकृती सपाट वक्रांत वितळते. दोन मोठ्या कमानी एकमेकींत अडकलेल्या दिसतात, आणि क्षणभराने लक्षात येते की ही मांडी आहे, ही पाठ आहे. काही टीकाकारांना हा भाग शोभेचा वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. तीस वर्षे मॉडेलकडे पाहिल्याशिवाय एका रेघेत पाठ उतरत नाही. अथेन्समध्ये १९६३ साली हिल्टन हॉटेल म्हणून उघडलेल्या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर मोरालिसने कोरलेल्या आकृत्या आहेत. त्या पाहाव्यात आणि समोर जवळच असलेल्या राष्ट्रीय कलादालनात जावे, म्हणजे तीच रेघ दगडात आणि तेलात कशी वागते ते अर्ध्या दिवसात कळेल.

बुझियानिसविषयी आपल्या लेखात एक शब्दही नव्हता.
— एक नाराज वाचक

मान्य आहे. यॉर्गोस बुझियानिस (१८८५–१९५९) म्युनिकलाच गेला, पण तपकिरी रंगाऐवजी जर्मन अभिव्यक्तिवाद, म्हणजे दिसते त्यापेक्षा जाणवते ते रंगवण्याची रीत, घेऊन आला. त्याच्या निर्वस्त्र आकृत्यांत बाह्यरेषा फाटते, अंग पार्श्वभूमीत सांडते, आणि लाल-हिरव्या फटकाऱ्यांतून एखादा बसका, थकलेला देह कसाबसा टिकून राहतो. नाझी सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये, तो अथेन्सला परतला. कलाशाळेत प्राध्यापकपद मिळेल या आशेवर तो आला होता; ते कधीच मिळाले नाही. १९५६ मध्ये गुगेनहाइम पुरस्काराच्या ग्रीक विभागात त्याची निवड झाली, पण तोवर तो सत्तरी ओलांडून गेला होता. सुंदर ग्रीक देहाची अपेक्षा घेऊन त्याच्यासमोर गेलो तर आपली फजिती होते, आणि ती होणे चांगले.

आजच्या काळात, छायाचित्रांचा एवढा सुकाळ असताना, कोणी मॉडेल समोर उभे करून तैलचित्र काढते का?
— एक वाचक

काढते. ग्रीसमध्ये तर मॉडेलवरून काम करणाऱ्या चित्रकारांची फळी आजही भक्कम आहे, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे कलाशाळेतील गुरुपरंपरा अखंड राहिली. यॉर्गोस रोरिस हे नाव येथे प्रथम घ्यावे. पेलोपोनीजमधील किनुरिया भागातल्या कोस्मास या डोंगराळ गावी १९६३ मध्ये त्यांचा जन्म झाला. अथेन्समध्ये पानायोतिस तेत्सिस आणि यान्निस वालावानिदिस यांच्याकडे, आणि नंतर पॅरिसमध्ये लिओनार्दो क्रेमोनिनी यांच्याकडे ते शिकले. गंमत अशी की तेत्सिस हे स्वतः प्रामुख्याने निसर्गचित्रांसाठी ओळखले जात. शिष्याने मात्र खिडकी बंद करून खोलीतच बसणे पसंत केले.

रोरिस यांच्या मोठ्या कॅनव्हासांवर एकटी स्त्री, पुष्कळदा निर्वस्त्र, त्यांच्याच कार्यशाळेत उभी किंवा बसलेली असते. भोवती झिजलेली लाकडी फळ्यांची जमीन, डाग पडलेल्या भिंती. मॉडेलला सुंदर दाखवण्याची खटपट नाही, कुरूप दाखवण्याचा अट्टहासही नाही. काम प्रत्यक्ष समोर पाहून आणि महिनोन्महिने चालते. छायाचित्र एका क्षणाचे असते. येथे एकाच कॅनव्हासवर कित्येक सकाळी साठतात. मॉडेल रोज नेमके त्याच जागी उभे राहत नाही, त्या दिवशीची झोप, थंडी, मनःस्थिती वेगळी असते, आणि चित्रकार कालची रेघ पुसून आजची ठेवतो, पण कालची पूर्ण पुसली जात नाही. त्यांच्या एखाद्या चित्राजवळ जाऊन पायांचे तळवे पाहावेत: जमीन आणि पाऊल यांमधली कड अनेक थरांनी सरकत सरकत शेवटी जेथे स्थिरावली आहे, तेथे रंग सर्वांत जाड असतो.